घरबसल्या पदवी : निवडीचा विवेक



शंभर वर्षांच्या ग्रंथालयाच्या उत्सवात 'घरी बसून मिळवायची पदवी' हा विषय कोणाला अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. ग्रंथालयाचा संबंध ज्ञानाशी आणि पदवीचा संबंध नोकरीशी, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. तथापि जरा खोलात शिरले की ध्यानात येते, की घरी शिकणाऱ्या माणसाचे पहिले महाविद्यालय म्हणजे ग्रंथालयच होय. वयामुळे, नोकरीमुळे किंवा संसारामुळे ज्याच्यापुढे महाविद्यालयाचे दार लागले, त्याला ग्रंथालयाने कधी जन्मतारीख विचारली नाही की मागच्या परीक्षेची टक्केवारी मागितली नाही. तोच ज्ञानार्थी आज संगणकाच्या, किंबहुना हातातल्या मोबाइलच्या पडद्यापुढे बसला आहे आणि त्या पडद्यावर पदव्यांच्या जाहिराती एकीमागून एक झळकत आहेत. त्यांतील कोणती पदवी निवडावी, कशाच्या आधारे निवडावी, हा आज भोपाळमधल्या कितीतरी मराठी घरांतला प्रश्न आहे. तो केवळ माहितीचा प्रश्न असता तर एखाद्या पत्रकाने भागले असते. परंतु त्यामागे शिकणे म्हणजे काय आणि शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हा फार जुना प्रश्न उभा आहे.

घर हे विद्येचे स्थान होऊ शकते, हे मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी 1873 मध्ये विवाह होऊन रमाबाई सासरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानडे यांनी त्यांचे शिक्षण स्वतः हाती घेतले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही आणि त्या नापसंतीचा जाच रमाबाईंना दीर्घकाळ सोसावा लागला. 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या त्यांच्या ग्रंथात याची हकिकत आली आहे. या उदाहरणाकडे आपण सहसा पतीच्या औदार्याची आणि पत्नीच्या चिकाटीची कथा म्हणून पाहतो. आजच्या विषयाच्या संदर्भात मात्र तिच्यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात. पहिली अशी, की रमाबाई घरी शिकल्या, पण गुरूवाचून शिकल्या नाहीत. दिवसभराचे काम आटोपून आलेला एक विद्वान त्यांचा पाठ घेत होता, चूक दाखवीत होता आणि पुढचा धडा नेमून देत होता. दुसरी अशी, की घर हे जितके सोयीचे तितकेच अडचणीचेही विद्यास्थान आहे. वर्गाला चार भिंती असतात. घरात अभ्यासाला भिंत नसते, ती रोज नव्याने उभारावी लागते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखे आहे. त्यांचाही आरंभ घरी, गोपाळरावांच्या हाताखाली झाला. पण वैद्यक शिकायचे ठरल्यावर घर पुरे पडले नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन त्यांनी 1886 मध्ये एम. डी. ही पदवी संपादन केली. काही विद्या घरी येतात आणि काही विद्यांकडे आपल्याला जावे लागते, ही मर्यादा तेव्हाही होती आणि आजच्या नियमांतही ती आहे. तिचा विचार पुढे येईल.

आता भोपाळकडे वळू. या नगरीला विद्येचे वावडे कधीच नव्हते. येथील सत्ताधीश सुलतान जहाँ बेगम या 1920 मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. एका स्त्रीने तो मान मिळवावा, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयातून, ग्वाल्हेर-इंदूरहून अनेक मराठी कुटुंबे कार्यालयांच्या फायलींबरोबर येथे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहू लागला आणि त्याच्या वसाहतीतही मराठी घरे दिसू लागली. ही नोकरदार मंडळी होती. मॅट्रिक किंवा इंटर होऊन नोकरीला लागलेल्या कारकुनाला बढतीसाठी पदवी हवी असे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे शिक्षण अर्ध्यावर राहिलेले असे. त्यांच्यासाठी जी वाट होती तिला या प्रांतात फार सुंदर नाव आहे : स्वाध्यायी. महाराष्ट्रात ज्याला बहिःस्थ विद्यार्थी म्हणतात, त्याला मध्य प्रदेशातील विद्यापीठे स्वाध्यायी परीक्षार्थी म्हणतात. 1970 मध्ये भोपाळ विद्यापीठ स्थापन झाले, 1988 मध्ये त्याला मौलाना बरकतुल्ला यांचे नाव दिले गेले, आणि स्वाध्यायींची ही परंपरा तेथेही चालत राहिली.

नाव सुंदर असले तरी व्यवहार तितका सुंदर नव्हता. विद्यापीठ अर्ज घेई, शुल्क घेई आणि परीक्षा घेई. शिकवण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसे. ज्याच्या आसपास चांगले ग्रंथालय होते, एखादा जाणता शेजारी किंवा प्राध्यापक होता, तो खरोखर शिकला. इतरांनी परीक्षेच्या तोंडावर बाजारातून 'कुंजी' आणली आणि तिच्या आधारे ते पदवीधर झाले. म्हणजे पदवी दोघांनाही मिळाली, विद्या एकालाच. घरबसल्या पदवीचा सगळा पेच या एका वाक्यात सामावला आहे.

हा पेच सोडवण्याचे प्रयत्न देशात गांभीर्याने झाले, याची नोंद घेतली पाहिजे. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थ्याच्या घरी टपालाने पाठ जात आणि त्याची उत्तरे तपासून परत येत. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने या पद्धतीचा पुरस्कार केला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मराठी शिक्षणतज्ज्ञ होते. 1982 मध्ये आंध्र प्रदेशात देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, 1985 मध्ये संसदेच्या अधिनियमाने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे 'इग्नू' आले, आणि 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांनी पुढे इग्नूचेही कुलगुरुपद भूषविले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद मराठी जनांच्या ओठी रुळले. आपल्या भोपाळमध्येही 1991 च्या अधिनियमाने मध्य प्रदेश भोज (मुक्त) विश्वविद्यालय अस्तित्वात आले. ज्या विद्याव्यासंगी राजाच्या नावाशी येथील मोठ्या तलावाची परंपरा जोडली जाते, त्याचे नाव मुक्त विद्यापीठाला मिळावे हे समर्पकच होय. इग्नूचे प्रादेशिक केंद्रही भोपाळमध्ये आहे.

स्वाध्यायी पद्धती आणि मुक्त विद्यापीठ यांतील मूलभूत भेद येथे समजून घ्यायला हवा. मुक्त विद्यापीठाने शिकवण्याची जबाबदारी अंगावर घेतली. घरी एकट्याने वाचणाऱ्याला समजेल अशी पाठ्यपुस्तके मुद्दाम लिहवून घेतली, रविवारी अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शक नेमले आणि स्वाध्यायपत्रिका लिहायला लावून त्या तपासण्याची व्यवस्था केली. ही व्यवस्था सर्वत्र सारखी उत्तम चालली असे नाही. परंतु जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला तरी उत्तर मिळाले.

त्यानंतर माध्यमे पालटत गेली. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्षभर भारताने उपग्रहाच्या साहाय्याने सुमारे 2400 खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचवली. त्या सहा राज्यांत आपले मध्य प्रदेशही होते. 15 ऑगस्ट 1984 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर सुरू झाला. 2017 मध्ये 'स्वयम्' या शासकीय मंचावर नामवंत प्राध्यापकांचे पाठ विनामूल्य उपलब्ध झाले. आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी एकत्रित विनियम जारी केले. करोनाच्या टाळेबंदीने त्याच वर्षी घराघराला पडद्यावरच्या वर्गाची सवय लावली होती. टपाल, दूरचित्रवाणी, उपग्रह, महाजाल अशी वाहने पालटली. प्रवाशाने विचारायचे प्रश्न मात्र तेच राहिले. ते तीन आहेत. या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार आहे काय? ही संस्था खरोखर शिकवते काय? आणि शिकायला आपल्यापाशी वेळ आहे काय?

पहिला प्रश्न अधिकाराचा. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या 22व्या कलमानुसार संसदेच्या किंवा राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. हे वाचायला रुक्ष वाटते. पण या रुक्ष कलमाकडे दुर्लक्ष झाले तेव्हा काय घडले, हे आपल्या अगदी शेजारी पाहायला मिळाले. 2000 साली मध्य प्रदेशातून वेगळ्या झालेल्या छत्तीसगढने 2002 मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि पाहता पाहता 112 विद्यापीठे घोषित झाली. अनेकांपाशी इमारत नाही, प्रांगण नाही, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. 11 फेब्रुवारी 2005 रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित कलमे रद्द केली आणि त्यांखाली निघालेली विद्यापीठे संपुष्टात आली. ही याचिका करणारे गृहस्थ होते प्रा. यशपाल. आताच उल्लेखिलेल्या 2400 खेड्यांच्या उपग्रह-प्रयोगाच्या वेळी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख हेच होते आणि पुढे ते अनुदान आयोगाचे अध्यक्षही झाले. ज्याने दूर खेड्यातल्या माणसापर्यंत शिक्षण नेण्यासाठी उपग्रह वापरला, त्यालाच शिक्षणाच्या नावाने उघडलेल्या दुकानांविरुद्ध न्यायालयात जावे लागले, यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. दूरशिक्षणाचा खरा कैवारी तोच, जो त्यातील खोट्याला माफ करीत नाही.

दुसरी घटना 3 नोव्हेंबर 2017 ची. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेवाचून दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा देण्यास सांगितले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या, त्यांच्या बळावर मिळालेले लाभ काढून घेतले गेले आणि विद्यापीठांना शुल्क परत करण्याचा आदेश झाला. शुल्क परत मिळू शकते. परंतु दिवसभर कारखान्यात राबून रात्री जागवलेली वर्षे कोणते न्यायालय परत देणार? या पदव्या घेणाऱ्यांत कितीतरी जण प्रामाणिक, कष्टाळू नोकरदार होते. त्यांनी अभ्यासात कसूर केली नव्हती, प्रवेशापूर्वीच्या चौकशीत ती राहून गेली होती.

म्हणून आजच्या विद्यार्थ्याने काय पाहावे? विद्यापीठाला मान्यता आहे एवढे ऐकून थांबू नये. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीची अनुमती विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि विशिष्ट सत्राला असते. अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सत्राची यादी असते. तीत आपल्या विद्यापीठाचे, आपल्या अभ्यासक्रमाचे आणि आपल्याच सत्राचे नाव डोळ्यांनी पाहावे. 2024 पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने त्या विभागाच्या संकेतस्थळावरून स्वतःचा ओळखक्रमांक काढणेही आवश्यक झाले आहे. ते काम मध्यस्थावर सोपवू नये. विषयांच्या बाबतीतही बंधने आहेत. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला, कायदा, शेती अशा विषयांच्या पदव्यांना 2020 च्या विनियमांनी ऑनलाइन व दूरस्थ पद्धतीत मनाई केली. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र यांसारखे आरोग्याशी निगडित विषयही वगळण्यात आले. रुग्णाच्या नाडीवर हात ठेवल्यावाचून वैद्य होता येत नाही, हे आनंदीबाईंच्या प्रवासाने दाखवलेच होते. नियम असे पालटत असल्याने गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाने घेतलेला अभ्यासक्रम यंदाही मान्य असेलच असे गृहीत धरता येत नाही.

यातच मध्यस्थांचा प्रश्न येतो. आज पुष्कळदा दूरध्वनी येतो तो विद्यापीठाकडून येतच नाही, तो एखाद्या कंपनीच्या प्रतिनिधीचा असतो. तो गोड बोलतो, 'आजच शुल्क भरा, उद्या सवलत संपेल' असे सांगतो. अशा कंपन्यांशी फ्रँचायझी करार करून पदवी-अभ्यासक्रम चालवण्यास नियमांत परवानगी नाही, असा इशारा अनुदान आयोगाने 2022 मध्ये दिला. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या कंपन्यांमार्फत देऊ करण्याबाबतही 2023 च्या डिसेंबरमध्ये त्याने सावध केले. तेव्हा शुल्क विद्यापीठाच्याच खात्यात जाते आहे ना, पावतीवर विद्यापीठाचेच नाव आहे ना, हे पाहणे हा संशयीपणा नव्हे. भाजी घेताना आपण जेवढी चौकसबुद्धी वापरतो, तेवढी तरी आयुष्याची दोन-तीन वर्षे देताना वापरायला काय हरकत आहे?

मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीशी समकक्ष आहे, हे अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे अशा पदवीला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र समकक्षता ही कायद्याने मिळते, योग्यता ती देत नाही. येथे दुसरा प्रश्न उभा राहतो : ही संस्था शिकवते काय?

महाभारतातील एकलव्याची कथा दूरशिक्षणाच्या संदर्भात वारंवार सांगितली जाते. गुरूची मातीची मूर्ती करून त्याने धनुर्विद्या साध्य केली, म्हणून तो पहिला दूरस्थ विद्यार्थी, असे कौतुकाने म्हटले जाते. पण कथा नीट वाचली तर तिची दुसरी बाजू दिसते. द्रोणाचार्यांनी त्याला एकही पाठ दिला नव्हता, गुरुदक्षिणा मात्र अंगठ्याची घेतली. शिकवायचे काही नाही आणि दक्षिणा पुरेपूर, अशा संस्था आजही आहेत. त्यांच्या दारी जाणाऱ्याने एकलव्याच्या निष्ठेबरोबर त्याचा अंगठाही आठवावा.

शिकवणारी संस्था ओळखायची कशी? तिच्या व्याख्यानांच्या चित्रफितींची संख्या मोजून ती ओळखता येत नाही. उत्तम चित्रफिती 'स्वयम्'वर विनामूल्य मिळतात. खरी कसोटी एकच आहे : विद्यार्थ्याने लिहिलेले कोण वाचते? स्वाध्यायपत्रिका तपासून, समासात शेरा लिहून परत येते काय? शंका विचारली तर ज्याला त्या विषयात गती आहे असा माणूस उत्तर देतो काय, की प्रवेश देणारा प्रतिनिधीच उत्तर देतो? 2020 च्या विनियमांनुसार सत्रान्त परीक्षेचे वजन किमान 70 टक्के आणि वर्षभरातील मूल्यमापनाचे अधिकाधिक 30 टक्के असते. ते 30 टक्के कशावर दिले जातात, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारावे. ते नुसत्या बरोबर-चूक खुणांवर मिळत असतील, तर जुन्या स्वाध्यायीची 'कुंजी' नव्या वेषात परत आली असे समजावे. त्याच विनियमांनी 'नॅक'कडून 4 पैकी 3.26 गुण मिळवणाऱ्या विद्यापीठांना पूर्वपरवानगीवाचून ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करण्याची मुभा दिली. हे गुण उपयुक्त आहेत, पण ते संपूर्ण विद्यापीठाचे असतात. घरी बसलेल्या विद्यार्थ्याला कोणता अध्यापक लाभणार, हे त्यांवरून कळत नाही.

याच प्रश्नाशी भाषेचा प्रश्न जोडलेला आहे. भोपाळच्या मराठी मुलाचे शालेय शिक्षण बहुधा हिंदीतून किंवा इंग्रजीतून झालेले असते आणि घरात मराठी असते. एकट्याने अभ्यास करताना वर्गातल्या सोबत्याचा आधार नसतो, म्हणून ज्या भाषेत आपल्याला चार पाने स्वतःच्या विचाराने लिहिता येतात, तीच अभ्यासाची भाषा असावी. इंग्रजीच्या प्रतिष्ठेपायी न पेलणारे माध्यम घेतले, तर अभ्यास सोडून देण्याचे एक कारण पहिल्याच दिवशी पदरात पडते. ज्यांना मराठीतूनच शिकायचे आहे, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. राज्याच्या विद्यापीठाला दूरस्थ पद्धतीची अभ्यासकेंद्रे आपल्या प्रादेशिक अधिकारक्षेत्राबाहेर चालवता येत नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रमाला असे सीमेचे बंधन नाही. बृहन्महाराष्ट्रातील मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने या नव्या पद्धतीचा हा फार मोठा लाभ आहे, आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांकडे त्यासाठी आग्रह धरणे हे आपल्यासारख्या संस्थांचे काम आहे.

तिसरा प्रश्न वेळेचा. तो विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा असतो, म्हणूनच बहुधा विचारला जात नाही. मुक्त शिक्षणात एका श्रेयांकासाठी सुमारे 30 तासांचा अभ्यास अपेक्षित धरतात. 80 श्रेयांकांचा दोन वर्षांचा एम. ए. घेतला, तर ते 2400 तास झाले. 104 आठवड्यांत ते विभागले, तर आठवड्याला 23 तास, म्हणजे दररोज तीन तासांहून थोडे अधिक. सणवार, लग्नकार्ये, आजारपणे आणि वर्षअखेरची कार्यालयीन कामे यांसह दररोज तीन तास. हा हिशेब जाहिरातीत कधी छापलेला नसतो. प्रवेश घेणारे पुष्कळ आणि शेवटपर्यंत पोचणारे थोडे, असे जे सर्वत्र दिसते, त्याचे मूळ या न केलेल्या हिशेबात आहे.

हा हिशेब घरातील सर्वांनी मिळून करायला हवा. विशेषतः विद्यार्थी ही त्या घरातली स्त्री असेल तर. 'घरी राहूनच शिकायचे आहे ना' असे म्हणताना घरातली मंडळी बहुतेक वेळा 'घरचे सगळे करून शिकायचे आहे ना' असे म्हणत असतात. रमाबाईंना अडथळा झाला तो उघड विरोधाचा. आज विरोध कोणी करीत नाही, पण संध्याकाळी सात ते दहा या वेळेत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि पाहुणे हे तिच्याच वाट्याला येतात. तिचे तीन तास कोणी राखायचे हे ठरल्याखेरीज शुल्क भरणे म्हणजे तिच्या पदरात आणखी एक काम टाकणे होय.

या बाबतीत एक साधा उपाय सुचवण्यासारखा आहे. मोठे शुल्क भरण्यापूर्वी 'स्वयम्'वरचा आपल्या विषयातील आठ किंवा बारा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम घ्यावा आणि तो शेवटपर्यंत न्यावा. त्याला शुल्क नाही, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेसाठी थोडी रक्कम भरावी लागते. तेवढ्या आठवड्यांत आपली बैठक किती, घर किती साथ देते आणि विषय खरोखर आवडतो काय, या तिन्हींची परीक्षा होते. नोकरीत बढतीसाठी पदवी हवी असेल, तर आपल्या खात्याचा नियम आधी लेखी विचारून घ्यावा आणि आवश्यक ती अनुमती घ्यावी. नियमित महाविद्यालयात शिकणाऱ्यांना 2022 पासून त्याच वेळी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने दुसरी पदवी घेण्याची मुभा मिळाली आहे. परंतु दोन पदव्यांनाही दिवसाचे तास चोवीसच असतात, हे तरुणांनी विसरू नये.

शेवटी ग्रंथालयाच्या कार्याकडे येऊ. घरी शिकणाऱ्याला सर्वांत अधिक जाणवते ती एकाकीपणाची उणीव. पडद्यावर व्याख्यान ऐकता येते, पण बाजूला बसून तोच पाठ वाचणारा कोणी नसतो. पुस्तकही पडद्यावर येते, पण ते सुचवणारा ग्रंथपाल तेथे नसतो. ही उणीव भरून काढायला ग्रंथालयाला फार मोठा खर्च करावा लागणार नाही. वाचनालयाचा एक कोपरा सायंकाळी या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. तेथे महाजालाची जोडणी असावी आणि मुक्त विद्यापीठांची पाठ्यपुस्तके एका कपाटात असावीत. मान्य अभ्यासक्रमांची यादी प्रत्येक सत्रारंभी फलकावर लावावी. सभासदांत निवृत्त प्राध्यापक, अभियंते, हिशेबनीस पुष्कळ आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार स्वाध्यायपत्रिका वाचून देण्यासाठी दिला, तर समासातला जो शेरा संस्था देत नाही तो येथे मिळेल. ज्या गृहिणीला घरात तीन तास मिळत नाहीत, तिला ते येथे मिळतील. कारण 'ग्रंथालयात जाते' या शब्दांना आपल्या घरांत अजून मान आहे.

'स्वाध्यायी' हा या प्रांताचा शब्द स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याला दिलेला आहे. गेल्या शतकात या शब्दाच्या वाट्याला परीक्षा आली, अध्यापन आले नाही. आता पाठ घरापर्यंत पोचतो आहे, कायदा स्पष्ट आहे आणि निवडीला वाव आहे. त्या शब्दाला त्याचा पूर्ण अर्थ मिळवून देण्याची जबाबदारी शासनाची आणि विद्यापीठांची आहेच, तितकीच ती प्रवेशअर्ज भरणाऱ्या प्रत्येकाची आणि दुसऱ्या शतकात पाऊल टाकणाऱ्या या ग्रंथालयाचीही आहे. ती ते पार पाडील अशी आशा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण करणे उचित होईल.